ट्रॅक्टरचं माहेर

ट्रॅक्टर कधी माहेरी धाडलाय का तुमी? आमी धाडलाय!

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. पुसेगावच्या आबांनी हौसेनं ट्रॅक्टर घेतला, पहिल्याच दिवशी गोठ्याच्या भिंतीत घातला, अन् उतरले ते पुन्हा चढलेच न्हाईत. तवापासून तो कडब्याआड उभा. दसऱ्याला माई, म्हणजे आबांची बायको, त्याला हळदीकुंकू लावायची, बस्स. मी विकत घ्यायला गेलो तर आबा खूश, पण माईच्या डोळ्यात पाणी.

"आमाला लेक न्हाई. यालाच लेकीवानी जपलं. पंचमीला माहेरी आणणार असाल तरच न्या."

पंचमीला तसंही कोणी नांगर धरत न्हाई, आपलं काय जातंय? मी व्हय म्हणालो.

पंचमीला खरंच घेऊन गेलो. माईनं ट्रॅक्टरला ओवाळलं, मला पुरणाचे दिंड वाढले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो, तर माई आडवी.

"एवढी घाई कशापायी? लेक माहेरी चार दिवस ऱ्हातेच."

"माई, माझं रबीचं रान नांगरायचं हाय."

माईनं पदर खोचला. "आमचं बी हाय. अन् माहेरी आली म्हणून लेक काय नुसती बसून ऱ्हाते व्हय? उठा जावईबापू, चालू करा!"