पूजेच्या फोटोंवरचे टॅग

नव्या सुनेनं सामायिक फोल्डरमध्ये मोकळेपणानं काही लिहू नये, हे मी अनुभवानं सांगते.

शिरूरला एका कंपनीत फोटो अपलोड करून त्यांना टॅग लावायचं काम मी करायचे. त्यामुळे वरवंडला सासरी आल्यावर लग्नानंतरच्या पूजेचे फोटोही माझ्याकडेच आले. ज्याला त्याला आपला फोटो सापडावा म्हणून नावं घालायची होती. मला निम्मी माणसं ओळखू येईनात, आणि विचारायची लाज वाटत होती. म्हणून तात्पुरत्या खुणा लिहिल्या: 'सारखे फोनवर', 'दोनदा जेवलेले'. कंपनीत माझे टॅग आधी साहेब तपासायचे. इथं ते थेट सगळ्या भावकीच्या, पाहुण्यांच्या मोबाइलवर गेले.

सकाळीच ह्यांच्या खुटबावच्या मामांचा फोन.

"सूनबाई, दोनदा जेवलेला म्हंजी मीच ना?"

आठ दिवसांत सासरी नाव घालवलं, असं वाटलं.

"तीनदा जेवलोय. तेवढं नीट कर," म्हणाले आणि फोन ठेवला.

वळून बघते तर सासूबाई मोबाइल घेऊन उभ्या. फोटोत रिकाम्या मांडवात एक बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. खाली मी लिहिलं होतं, 'सगळ्यांच्या मागून, एकट्याच जेवलेल्या.'

"ही मी हाय," त्या म्हणाल्या.

"चुकलं आई. आत्ता नाव घालते."

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा करून बघितला.

"नाव समद्यांना ठावं हाय गं. हे ऱ्हाऊ दे."