रक्तात उरलेलं

बसा ना, जाऊबाई, उभ्या उभ्या काय — आणि रक्त तपासायचं मशीन बंद आहे म्हटलं ना, पुढच्या आठवड्यात या. घरघर? ती फ्रीजची हो. गाय घेणारा बाहेर उभा आहे? राहू दे की उभा. भाकड गाय गाभण म्हणून गळ्यात मारली म्हणतो, असंच ना? आणि तुमचं म्हणणं, विकली तेव्हा गाभणच होती, त्याच्याकडे गेल्यावर रानात कुठेतरी गाभडली असेल — पण बघितलं कुणी? डॉक्टरांनी हात घालून तपासलं, पिशवी रिकामी. आता काय ते रक्तच बोलणार. वारेतून एक प्रोटीन आईच्या रक्तात उतरतं, वासरू गेलं तरी थोडे दिवस रेंगाळतं — म्हणून तर माझ्या दारात आलात, नाहीतर कशाला याल! — पण ते रोज कमी होत जातं हं. पुढच्या आठवड्यात काही उरायचं नाही. मग तुमच्या गोठ्यातलं जनावर कोण घेणार, सांगा?

माझं रक्त काढलं होतं का हो कुणी? दुधाचे भरलेले कॅन उचलायला लावलेत, चक्कर येते म्हटलं तर हसलात. आणि मग न्हाणीघरात सगळं वाहून गेलं, तेव्हा सासूबाईंना, ह्यांना काय सांगितलंत? कुठलं पोट आणि कुठलं काय, नाटकं नुसती — आणि ह्यांनीही मान डोलावली! तेव्हापासून जळतेय मी. आणि खरं सांगू, तुम्ही इतक्यांदा म्हणालात की मलाच वाटायला लागलं, नव्हतंच की काय. स्वतःच्या पोटाबद्दल! — हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला.

मशीन चालू आहे. सकाळीच लावलं तुमच्या गाईचं रक्त. हा बघा पट्टीवरचा खळगा — निळा झालाय ना? म्हणजे वासरू होतं. तुम्ही खऱ्या. आता एवढंच म्हणा, माझंही होतं. बाहेर ऐकू जाईल म्हणून भीती वाटत असेल तर हळू म्हणा — मला ऐकू येईल. म्हणा ना. पर्सच्या चेनशी काय चाळा करताय, इकडे बघा. — नाही?

बरं. हा नळ सोडला. ही पट्टी धुतली, ही रक्ताची नळीही ओतली. कुठलं वासरू आणि कुठलं काय, जाऊबाई — नाटकं नुसती. त्या माणसाला आत पाठवा, आणि जाताना दार ओढून घ्या.