काकी बाजूला बसायची

मंडळी, आया-बहिणींनो, काका.

काकी जाऊन आज नऊ दिवस झाले. चार शब्द लिहून ठेव, असं काकांनी तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मी टाळलं. आधी पेन नाही म्हणालो. पेन मिळाला तर मोलगीच्या जीपवर बदली ड्रायव्हर म्हणून निघून गेलो. शेवटी आज सकाळी लिहिलं. दहावी नापासाचं लिहिणं आहे, सांभाळून घ्या.

मला काकीनं वाढवलं. मी सारखा हिंडतो, कधी तळोदा, कधी सुरत. परत आलो की ती म्हणायची, "उना का रे भटक्या? तुन्हा पायले भिंगरी शे." आणि ताट वाढायची. सुरतेहून एकदा तिला साडी आणली, तिचा रंग पहिल्याच धुण्यात... जाऊ द्या, ते राहू द्या.

गेल्या वर्षी आलो तेव्हा तिनं ताट वाढलं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसली होती. बायांसमोर असं बोलू नये, पण बोलतो. पाळी बंद होऊन सहा वर्षं झालेली. अंगावरून पुन्हा जायला लागलं, तर तिला वाटलं, पाळीच परत आली. म्हणून बाजूला बसली. आधी चार दिवस. मग आठ. मग महिन्यातले पंधरा.

शेजारीण म्हणायची, "काय वं, परत जवान व्हयनी का?"

काकी म्हणायची, "तुले काय? तुन्हा म्हतारा ते नुस्ता खोकस."

दोघी हसायच्या. बाजूला बसलेल्या बाईचं धुणं कुणी बघत नाही. आपली रीतच तशी. रक्त किती जातंय, कुणाला कळलंच नाही. मी समोर जेवत होतो. मीही विचारलं नाही.

दवाखान्यात मीच नेलं, रिकामा मीच होतो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. उशीर झालेला. काकीनं मला विचारलं, "मी काय पाप करं रे?"

मी डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, पाप कसलं? एक विषाणू असतो. शरीरसंबंधातून येतो, बहुतेकांना कधी ना कधी होतो, बहुतेकांचा आपोआप जातो. एखादीच्या अंगात राहून जातो आणि वर्षानुवर्षं गुपचूप काम करतो. पोरवयातलं लग्न, पाठोपाठची बाळंतपणं, बिडीचा धूर, यानं धोका वाढतो. आणि तपासणी कधीच नाही. वेळेवर झाली असती, तर कॅन्सर व्हायच्या आधीच कळलं असतं.

काकीचं लग्न पंधराव्या वर्षी. बाळंतपणं पाच. आणि काका, तुमच्या बंडलातल्या बिड्या कमी व्हायच्या, त्या मी नाही घेतल्या.

मग असला रोग तसल्याच बायांना होतो, हे गावात कोण बोललं? नाव घेत नाही. मंडपातच बसलेत. काकीच्या कानावर ते गेलं. त्यानंतर ती दारात बसली नाही. दुखण्यानं नाही, मंडळी. त्या बोलण्यानं.

माझं मागणं एवढंच. तिच्या नावाला डाग लावू नका. बंद झालेली पाळी परत येत नाही. रक्त दिसलं तर कोपऱ्यात बसू नका, दवाखान्यात जा. पोरींना त्या विषाणूवरची लस द्या.

आता दोन मिनिटं उभं राहू...

थांबा. मागून निरोप आलाय. काकीची विहीण आलीय, वंदनाताईची सासू. रोगाचं ते बोलणं ऐकून, या घराचं पाणी पिणार नाही, असं तिनंच कळवलं होतं, म्हणून कुणी वाट पाहत नव्हतं. मंडपात येत नाहीये ती. बाहेर निंबाखाली एकटी बसलीय. "मी बाजूले शे," म्हणतेय.

वय तिचं साठीच्या पुढं आहे.

वंदनाताई, जा, तिला हात धरून आत आण. तोवर आपण सगळे उभे राहू.