नऊ ठिपक्यांची रेघ

...खांदा! अहो, नुसता खांदा दुखत होता माझा! तुम्हाला सांगतो, त्या डॉक्टर पांगकडे मी हौसेनं गेलो नव्हतो, बायकोच्या तोंडाला भिऊन गेलो. ग्वेफांगचा, म्हणजे आमच्या हिचा आवाज असा की गल्लीच्या टोकाच्या दुकानात व्हिनेगरच्या बरण्या वाजतात. "ए म्हाताऱ्या, कण्हतोस काय, सिगारेटी फुंकतोस काय, ऊठ आणि सुया टोचून घे, नाहीतर मीच टोचते!" गेलो. ती मागोमाग, मी पळून जाईन म्हणून. म्हटलं चार सुया खांद्यात, थोडा शेक, आणि येताना मासळी घेऊन घरी...

आता सुयांच्या बाबतीत मला कोण शिकवणार? सव्वीस वर्षं मी काय केलं? पुतळे रंगवले! वैद्यांच्या शाळेत असतात ना ते उघडेबंब रबरी पुतळे, अंगभर रेघा, रेघांवर ठिपके, सुई इथे टोचा, तिथे टोचा... ते आमच्या कारखान्यात व्हायचे. एकेकाला एकेक रेघ वाटून दिलेली. मूत्राशयाच्या रेघेवर सदुसष्ट ठिपके! ती ज्याच्या वाट्याला यायची तो संध्याकाळी जेवायच्या काड्या तोंडाऐवजी नाकात घालायचा. आणि मला हृदयाची रेघ. काखेतून निघाली, हाताच्या आतल्या बाजूनं करंगळीच्या टोकाला पोचली, संपली. नऊ ठिपके! सगळे जळायचे. "दुआन, लेका, तुझी मजा आहे! नऊ ठिपके मारायचे आणि चहा ढोसायचा!" झोपेतसुद्धा मारीन मी ते नऊ.

तर डॉक्टर पांग. खांद्याकडे बघेचना! डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मी म्हटलं, "डॉक्टर, खांदा जरा वर आहे." "हं." पुढ्यातला चहा निवला. उजवं मनगट दोन मिनिटांत उरकलं, परत डावं. "जीभ काढा." काढली. "आत घ्या." घेतली. मग सुई काढली आणि घातली कुठे? मनगटाच्या घडीत, करंगळीच्या बाजूला. सातवा ठिपका! दुसरी कोपरात. तिसरा ठिपका! अहो, माझेच ठिपके माझ्यावर! मी म्हटलं, "डॉक्टर, ही तर हृदयाची रेघ." तो आपला मधाळ आवाजात, "यानं झोप छान लागते हो." झोप? मी झोप मागितली होती? खांदा दुखत होता माझा, नुसता खांदा!

सुया काढल्या आणि म्हणतो, "तुम्ही जरा बाहेर बसा. वहिनींना आत पाठवा."

आता सांगा, आपल्याकडची रीत काय? बरी बातमी रोग्याला, वाईट बातमी घरच्यांना. बाहेर बसून भिंतीवरच्या तक्त्यातली माझी रेघ बघत होतो... ही बाहेर आली ती तोंड धुऊन. "काय म्हणाला?" "काही नाही, खांद्याला वारं लागलंय." इतक्या हळू बोलली, की एकही बरणी वाजली नाही!

मग मोठं इस्पितळ. छातीला तारा लावल्या. वारं लागलंय खांद्याला आणि तारा छातीला! कागद हिनंच आणले, हिनंच तांदळाच्या डब्यात खुपसले. मी काढून बघू शकत होतो. नाही बघितले. भीती वाटली हो मला, खोटं कशाला बोलू?

आणि घरात काय सुरू झालं! नव्या वर्षाचा, वसंताचा सण नाही, काही नाही, आणि लेक शांघायहून येऊन बसली. डुकराच्या पायाचं कालवण... जन्मभर ही माझ्या ताटलीतून तुकडे उचलायची, "चरबी वाढेल, म्हाताऱ्या!" आता म्हणते, "अजून एक घ्या ना." घ्या! मी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहुणा आलाय का? पत्ते खेळून उशिरा आलो तर विचारते, "जिंकलात का?" अंगावर काटा आला माझ्या.

कारण तुम्हाला सांगतो, माझ्या बापाच्या शेवटच्या दुखण्यात त्याला मीच सांगितलं होतं, "बाबा, काही नाही, वारं लागलंय." असंच, हळू आवाजात. आणि ताटलीत मोठा तुकडा वाढला होता. त्यानं निमूट खाल्ला. त्याला कळलं होतं की नव्हतं, हे आजवर मला ठाऊक नव्हतं...

म्हटलं सोक्षमोक्ष लावूच. काल स्वयंपाकघरात, हिच्या समोर बसून, सिगारेट पेटवली. चौतीस वर्षांत कधी झाली नव्हती हिंमत! धूर सरळ तिच्या तोंडावर सोडला आणि वाट बघत बसलो. ओरड ना, बाई. एक शिवी दे. लाटणं उचल!

ती उठली. खिडकी उघडली. एक बशी आणून माझ्यापुढे ठेवली. "राख यात झाडा."

मी झाडली. म्हटलं, "खांदा बरा आहे हं आता." ती म्हणाली, "दिसतंयच की."

चौतीस वर्षांच्या संसारात, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.