मढ्याचं आसन

— हलू नका, जावईबापू, हलू नका म्हणते ना! उसण भरलेल्या पाठीनं उठायला जाल तर जन्माचे वाकडे व्हाल. पडा तसेच, उताणे. फरशी गार लागते? लागू दे. बायकोला न्यायला आलात, तर दार वाजवायचं होतं — लाथ कशाला घातलीत? बिजागरी उडाली, एक चप्पल उंबऱ्यात, दुसरी गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यांत, आणि पाठोपाठ तुम्ही आडवे. हसू नये, पण हसले मी. डॉक्टर? बोलावू की, एवढे शर्ट होऊ देत. गिऱ्हाईक आलं तर त्याला काय सांगू, इस्त्री राहिली कारण जावई वाटेत पडला होता? — आणि तिला हाका मारू नका. आहे ती आत, हो, तुम्ही बघताय त्याच आतल्या दारामागे, कडी घालून, सगळं ऐकते आहे. ऐकू दे. खांदा कुणी पिरगळला तिचा? आली तेव्हा हात खांद्याच्या वर जात नव्हता, स्वतःची वेणी घालता येत नव्हती पोरीला. रोज पहाटे भिंतीला पंजा टेकवून बोटांनी चढवतो आम्ही तो हात, मुंगी चढते तसा. ती रडते. मी म्हणते रड, पण श्वास कोंडू नकोस.

काय म्हणालात? एवढा योग करता आणि एवढा राग? — वा! पाठ गेली तरी जीभ शाबूत आहे. अहो, संध्याकाळी ही टेबलं भिंतीला सारून गल्लीतल्या बायका आसनं शिकायला जमतात माझ्याकडे, त्याही हेच विचारतात — मावशी, मन शांत कधी होणार हो? मी म्हणते, शांत व्हायला तू काय तळं आहेस? राग जातबित नाही कुठे. माझा नाही गेला. बसायला शिकला एवढंच. कुत्रं बसतं तसा — बस म्हटलं की बसतो, जीभ बाहेर काढून, आणि छू म्हटलं की — हं. श्वास घ्या. वर बघा. इस्त्रीकडे नको, छताकडे.

मला गुरू कोणी नाही. अक्षरं शिकले कपड्यांना टाचलेल्या चिठ्ठ्यांवरून आणि आसनं शिकले साबणवाल्यानं दिलेल्या कॅलेंडरवरून — महिन्याला एक चित्र. डिसेंबरच्या पानावर माणूस नुसता उताणा पडलेला, खाली लिहिलेलं, श-वा-स-न. शव म्हणजे मढं, एवढं कळत होतं. मग मी मढ्याचंच आसन केलं! डोळे मिटून विसावा घ्यायचा असतो हे मला कोण सांगणार? मी आपली डोळे अर्धे उघडे, जबडा वाकडा, जीभ एका कडेला, श्वास सगळा बाहेर टाकून थांबवलेला. ओठावर माशी बसली तरी पापणी हलू द्यायची नाही. तुमचे सासरे कामावर गेले की रोज मरायचे मी. हळूहळू फार छान मरायला लागले.

तर एकदा त्यांनी गळा धरला माझा. कारण काय, तर कुणाच्या शर्टाची कॉलर जळली होती. इथेच, तुम्ही पडलाय तिथेच. दोन्ही अंगठे नरड्यात. मी ओरबाडलं, लाथा झाडल्या, डोळ्यांपुढे काजवे नाचले — आणि आठवलं, अगं, हे तर आपल्याला येतं! सोडलं अंग. डिसेंबर! त्यांनी गालावर थापट्या मारल्या, नाकाखाली बोट धरलं, दोन थेंब पडले माझ्या तोंडावर — रडतील कशाला, घाम होता तो. आणि पळाले. एका पायात चप्पल. दुसरी ती बघा, टेबलाच्या पायाखाली. डुगडुगतं ते टेबल, तेव्हापासून तिथेच आहे.

मी मात्र उठले नाही. तशीच पडून. घाबरून नव्हे हो — इस्त्री तापलेली होती, तिची वायर हाताशी लोंबत होती. म्हटलं, येईल, चपलेसाठी तरी येईल, वाकून बघेल मेलेय का जितीय. एकदाच वाकू दे. तोंडावर धरली असती — कॉलरवर धरतात तशी, आधी टोक, मग सगळा भार देऊन, वास सुटेपर्यंत. आलाच नाही मेला. एवढी वर्षं झाली, अजून दार वाजलं की आधी हात इस्त्रीकडेच — हे... हे तिला कधी सांगितलं नव्हतं. आता ऐकलं तिनं. ऐकलं तर ऐकलं.

कण्हू नका. कण्हायचंच तर छताकडे बघून कण्हा, आतल्या दाराकडे तोंड कशाला? मागच्या खेपेला छातीत कळ आली होती ना तुमच्या? त्याच्या आधी घेरी. दोन्ही वेळा ही धावत गेली, आणि जवळ बसली की तुम्ही बरे! खांदा तेव्हाचाच. आज उसण. जावईबापू, मढ्यातलं मला कळतं. उसण भरलेल्या माणसाच्या पायाची बोटं आकसतात. तुझा अंगठा बघ कसा सैल पडलाय, दुपारी जेवून लवंडल्यासारखा. हो, तुझा म्हणाले. जावयाचा मान दाराबरोबर मोडला.

पोरी, फटीला डोळा लाव. लावलास? आता बघ. हे पाणी शिंपडलं इस्त्रीवर — ऐक, कशी चरचरली — आणि ही आता ह्याच्या कानाशी नुसती धरते. एवढ्या अंतरावर. माझा हात बघ, थरथरतो का? नाही ना. एवढीच कमाई माझ्या आसनांची. तुला वाटत होतं, आई शांत झाली. हात शांत झालाय गं. श्वास सोडा, जावईबापू. कुत्रं बसलंय अजून. म्हणू छू? छ—

अगं बाई! उठले! टुणकन उठले! कुठे गेली उसण? पाठ कशी, इस्त्री केल्यासारखी ताठ! माझ्या वर्गातल्या एकीलाही इतकं सुरेख उठता येत नाही.

अंहं. तिकडे पाऊल टाकायचं नाही. इस्त्री हातातच आहे माझ्या.

थांबा. ऐकलंत? आत काय वाजलं? खालची कडी तर मघापासून घातलेलीच होती. ही वरची.

वरच्या कडीला हात पोचला माझ्या लेकीचा.

निघा आता. दार ओढून घ्या म्हणाले असते, पण ते तुम्ही ठेवलंच नाहीत. आणि चपला दोन्ही घेऊन जा. माझं दुसरं टेबल डुगडुगत नाही.