दोन विहिणी, एक पास

गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते, पण कान होते पुढच्या बाकावर. तिथे दोन विहिणी, एक पोथीवाली, एक चर्चवाली. सकाळी झालेला नातू आत काचेच्या पेटीत, आणि भेटीचा पास एकच.

“विहीणबाई, आमचं अद्वैत सांगतं, तुम्ही-मी वेगळ्या नाहीच. मग आत कोणीही गेलं तरी काय?”

“बरं, मग मीच जाते.”

“तसं नव्हे हो. तुमचा येशू सांगतो ना, शेजाऱ्यावर स्वतःइतकंच प्रेम करा?”

“करतेच की. तुमच्यासाठी बाकावर जागा कोणी धरली?”

“म्हणजे दोघांचं सांगणं एकच.”

“एकच. पण नर्सबाई म्हणाल्या, वजन फार कमी आहे. आजचा दिवस निघाला पाहिजे.”

“मघापासून पोथीचं एकच पान वाचतेय मी, विहीणबाई.”

“दिसतंय. घ्या पास, जा तुम्ही.”

“आणि तुम्ही?”

“तुम्ही गेलात म्हणजे मी गेलेच, आत्ताच म्हणालात ना? फक्त नाक कुणावर गेलंय ते खरं सांगा.”

“तुमच्यावर गेलं असलं तर?”

“तर माझ्या वाटचं जरा जास्त वेळ बघा.”