केसरअक्काने हात वर केला होता

मी मूळचा सोनगीरचा, बाप तांबट. दिवसभर हंडे-घागरी ठोकून ठोकून बापाचे कान गेलेले, म्हणून आमच्या घरात अर्धं बोलणं हातांनीच चालायचं, पाणी दे म्हणायला हात, जेवायला ये म्हणायला हात, आणि रागवायलाही हातच. तुम्ही म्हणता, माणसं कशी सांभाळली ते सांगा, मोठे झालात, मॅनेजर झालात, नव्या पोरांना दोन गोष्टी कळू द्या. सांगतो. पण काय सांगू तुम्हाला, जे शिकलो ते काही शहाणपणाने शिकलो नाही.

धुळ्याला जिनिंगमध्ये लागलो तो गोणी वाहायला. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुई काढायचं मशीन, आणि एका शेडमध्ये अशी मशीनं ओळीने लावलेली, एकदा सुरू झाली की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. कापूस टाकायला बाया. त्या सगळ्या बाया हातांनी बोलायच्या. तहान लागली त्याची खूण, पट्टा सैल झाला त्याची खूण, शेठ आले त्याची खूण, कोणाची सून नांदत नाही त्याचीसुद्धा खूण. नवी माणसं महिना महिना गोंधळायची, मला मात्र दोन दिवसांत बठ्ठं, म्हणजे सगळं समजलं, घरचीच भाषा ती. केसरअक्का म्हणून एक बाई होती, माझ्याहून थोडी मोठी, ती मला म्हणाली, भाऊ, तू ते आमनातलाच शे, म्हणजे आमच्यातलाच आहेस. या खुणा कळतात म्हणूनच मी वर चढलो, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. शेठला वाटायचं, याला मशीन लांबून कळतं.

मग शेठनी मला मुकादम केलं. आता बघा, माणसाला मान मिळाला की मान ताठ होते. मी मान पुढे काढून शेडमध्ये फिरायचो, तर बायांनी माझी खूण केली बगळ्याची, कोपरापासून हात उभा आणि मनगट वाकडं. मी वळलो की सगळ्या गंभीर, पाठ फिरली की हसून लोटपोट. कालपर्यंत मीही त्यांच्यात बसून शेठची नक्कल करत होतो, ते सोयीने विसरलो. एका सकाळी मशीनं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, उद्यापासून खुणा बंद, हात कापसावर आणि डोळे मशीनवर, नाहीतर घरी बसायचं. केसरअक्का म्हणाली, मंग तहान लागनी ते काय बगळ्याले चिठ्ठी धाडू? सगळ्या हसल्या. मी नाही हसलो. खुणा बंद झाल्या. शेड कसं शिस्तीत दिसायला लागलं, शेठ खूश, मीही खूश.

ऊन तापायला लागलं होतं. अशा दिवसांत कापसात एखादा खडा आला तरी ठिणगी पडते. त्या दिवशी मी रुईच्या ढिगाकडे पाठ करून उभा होतो आणि केसरअक्काने तिच्या जागेवरून हात वर केला. मला दिसला तो हात. बरं का, दिसला. ही मुद्दाम माझा शब्द मोडते असं मनात आलं आणि मी मान फिरवली. पुढे काय सांगते ते पाहिलंच नाही. माझ्यामागे ढिगातून धूर निघत होता. मग ती चालतं मशीन सोडून धावली, माठाखालचं ओलं गोणपाट ओढलं आणि ढिगावर झोडपायला लागली, तेव्हा कुठे बाकीचे धावले. शेड वाचलं, रुई बरीच गेली, आणि अक्काचे दोन्ही तळहात भाजले.

शेठ आले. पहिलाच सवाल, चालतं मशीन कोणी सोडलं? मी म्हणालो, केसरअक्कानी. हे खोटं नव्हतं हो. मग शेठनीच जुळवलं, की मशीन सोडलं, कापूस अडकला, मशीनचा रूळ घासून तापला, आग लागली, आणि मी नुसती मान हलवली. अक्काला काढून टाकलं. जाताना ती एवढंच म्हणाली, तुनी माले देखं व्हतं ना, भाऊ? मी गोण्या बघत बसलो.

पुढे जळगावला मोठ्या जिनिंगमध्ये जागा मिळाली, तेव्हा शेठच्या पाया पडायला गेलो. त्यांनी पेढा दिला आणि म्हणाले, अरे, त्या बाईची चूक नव्हती हे मला तेव्हाच समजलं होतं. बाई दुसरी मिळते, चांगला मुकादम मिळत नाही, धंदा असाच चालतो. तो पेढा मी तिथेच खाल्ला.

जळगावला मी खुणा कधी बंद केल्या नाहीत. हंगाम सुरू झाला की नव्या बाईच्या शेजारी उभा राहतो, तिच्या गावाकडच्या खुणा शिकतो. लोक म्हणतात, साहेबांच्या शेडमध्ये अपघात होत नाहीत. मी ऐकून घेतो.

मागच्या हंगामाच्या तोंडावर एक पोरगी कामाला आली आणि माझ्याच मुकादमाने तिला फाटकातूनच परत पाठवलं. का रे? तर म्हणे, साहेब, शेड जाळणारीची पोर शे ती, धुळ्यापासून कोणीच घेत नाही. मी दुसऱ्या दिवशी धुळ्याची एस्टी पकडली.

अक्का ओसरीवर शेंगा फोडत होती. बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी सगळं बोललो, हात जोडले, पोरीला उद्यापासून कामावर घेतो म्हणालो. ती म्हणाली, मनी पोरले भीक नको. आनि माले काय सांगस? माले ते माहीतच शे. बठ्ठ्या बायांले सांग.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा होते. धुळ्याकडच्या, जळगावच्या सगळ्या बाया असतात, मालक असतात. त्या दसऱ्याला मी अक्कालाही पोरीला घेऊन बोलावलं. पूजा झाली, मशीनं अजून बंद, आणि मी बोललो. धुळ्याच्या शेडमध्ये या केसरअक्कानं धूर पाहिला, हिनं हात वर केला, मी पाहून मान फिरवली, शेड हिनं वाचवलं आणि नाव हिचंच गेलं, ते मी जाऊ दिलं. मालक खाली बघत होते. उद्या माझी नोकरी राहील की जाईल, ते त्या घडीला मला खरंच ठाऊक नव्हतं. अक्का पोरीला घेऊन मागे उभी होती, ती पुढे आली आणि म्हणाली, व्हयनं ना बोलनं, भाऊ? मंग आते मशीन चालू कर, कापूस तसाच पडेल शे.

मोटर मी चालू केली. नोकरी राहिली. पोरगी मशीनवर आहे, हात झटपट आणि तोंड आईसारखं फटकळ. अक्कानं माफ केलं का, तर ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारत नाही. पण जेवण गोड लागतं, झोप लागते, आणखी काय पाहिजे? धडाच हवा असेल तर हाच लिहून घ्या, नाहीतर राहू द्या. देव तुमचं भलं करो, पण तुमच्या हाताखालच्या माणसांचं आधी करो.